बोझेनाबाईंच्या टोपलीचा प्रसाद

“उद्या शनिवार आहे, शनिवार! मारुतीला तेल वाहायचं सोडून तुम्ही डुकराचं सॉसेज मांडीवर घेऊन गाडीतून चर्चला जाणार?”

“मांडीवर नाही गं. मागच्या सीटवर.”

“आणि आत्ता कुठे आहे ते?”

“फ्रिजमध्ये. खालच्या कप्प्यात. डब्यात घातलंय, डब्यावर पिशवी, पिशवीवर आणखी पिशवी.”

“कोथिंबिरीशेजारी!”

हे भांडण मी ऐकलं त्याला आता पंधरा वर्षं झाली. मुद्दाम ऐकलं नाही. शिकागोच्या त्या घरात माझी खोली माळ्यावर होती आणि खालच्या स्वयंपाकघरातली गरम हवा वर यावी म्हणून जमिनीत एक लोखंडी जाळी होती. हवेबरोबर फोडणीचा वास यायचा, तशी भांडणंही यायची. जाळीवर पायपुसणं टाकलं की आवाज बंद व्हायचा, पण मग थंडी वाजायची. म्हणून मी पायपुसणं टाकत नसे. थंडीसाठी हो, दुसरं काय.

भांडत होती ती माझी जाऊ वीणा आणि ऐकून घेत होते ते माझे धाकटे दीर, उल्हासभावोजी. सॉसेज त्यांचं नव्हतं. आमच्या मिरजेच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. ते होतं घरमालकीणबाईंचं. बोझेनाबाई पोलंडच्या. त्यांचा फ्रिज सणाच्या तयारीने ओसंडून गेला, म्हणून त्यांनी एक डबा वर पाठवला होता.

“त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय वीणा. त्यांना जिना उतरवत नाही, चर्चला कशा जातील? स्टेफन असता तर तोच टोपली घेऊन गेला असता.”

“स्टेफन, स्टेफन! गेला बिचारा, चांगला होता, मी नाही कुठे म्हणते? पण आपले सगळे मराठी लोक शहराबाहेर शॉमबर्गला घरं घेऊन गेले, गणपतीला पन्नास माणसं जमतात त्यांच्याकडे. आपण तीस वर्षं इथेच, या पोलिश लोकांच्या वरच्या मजल्यावर. आता त्यांचं सोवळंओवळंही आपणच करायचं?”

 यावर भावोजींनी नळ सोडल्याचा आवाज आला. भांडण आटोपलं की ते भांडी घासायला घेत. 

आता हे भावोजी या पोलिश लोकांत कसे येऊन पडले ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एक्याऐंशी साली ते मिरजेहून निघाले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. मशीनचे नकाशे काढायचं शिक्षण झालेलं. शिकागोत यंत्रांचे सुटे भाग बनवायच्या कारखान्यात नोकरी लागली. अंगावर मिरजेच्या शिंप्याने शिवलेला सूट, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. त्या कारखान्यात लेथवर बोझेनाबाईंचा नवरा स्टेफन होता. त्याने पहिल्याच दिवशी यांना पाहिलं, काही न बोलता घरी नेलं आणि आपला जुना कोट घातला. कोट भावोजींच्या घोट्यापर्यंत आला. मग म्हणाला, वरचा मजला रिकामा आहे, राहा. तेव्हापासून भावोजी तिथे राहिले ते राहिलेच. पुढे लग्न करून वीणाला तिथेच आणलं, मुलगी निधी तिथेच वाढली, आता ती फ्रीमाँटला असते.

मी गेले ती फार नंतर. आमचे हे गेल्यावर माझ्या मुलाने, श्रीरामने, मला अमेरिकेत हर्नडनला आणलं. घर मोठं, गालिचा मऊ, पण सकाळी आठला सगळे बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रिजचा आवाज. भावोजींचा फोन आला, “वहिनी, कंटाळलात ना? या इकडे. इथे जिन्यात उभं राहिलं तरी कोणीतरी बोलायला मिळतं. फक्त भाषा पोलिश असते.”

मी म्हटलं, “मला इंग्रजी तरी कुठे येतं? चौथी पास मी. मला दोन्ही सारख्याच.”

गेले, आणि खरंच सांगते, अमेरिका बघायला म्हणून आले होते, ती राहिली बाजूला. मी पोलंडच बघितलं. रस्त्यावर दुकानांच्या पाट्या पोलिश, बेकरीत बाया पोलिश, बँकेत पोलिश, दातांच्या ज्या डॉक्टरकडे वीणा कामाला होती तोसुद्धा पोलिश. आणि त्या सगळ्यांत आमचे भावोजी मिशीत हसत, “जेन दोब्री, जेन दोब्री” करत चालायचे. म्हणजे नमस्कार, नमस्कार. बेकरीतली बाई त्यांना बघितलं की बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या वेगळ्या काढून ठेवी, मांसाचा चमचा न लागलेल्या.

नोव्हेंबरच्या शेवटी एका शनिवारी भावोजी म्हणाले, “वहिनी, साडी चांगली नेसा. आज नाच आहे.”

“कोणाचा?”

“आपला.”

मला वाटलं थट्टा करतात. या दीराची मला सवय होती. पण वीणा म्हणाली, “जा हो वहिनी, मी दोनदा जाऊन आलेय, माझं डोकं दुखतं त्या बाजाने. एकदा बघून या, नाहीतर मी सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल.”

पोलिश लोकांचा तो हॉल बाहेरून आपल्या सहकारी बँकेसारखा, विटांचा. आत गेले आणि मी दारातच थांबले. मिरजेत साडेनऊला निजानीज होते. इथे साडेनऊला लोक यायला लागले होते. आणि कोण लोक? सत्तरीच्या, ऐंशीच्या बाया! ओठांना लाली, गळ्यात मोत्यांची माळ, केस भट्टीतून काढल्यासारखे फुगलेले. एकीच्या हातात काठी होती. तिने काठी खुर्चीला टांगली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गिरकी घेतली. पेटीसारखं ते छातीवर धरून वाजवायचं वाद्य, त्याबरोबर सनईची बहीण शोभावी असं एक काळं वाद्य, आणि ढोल. खालची लाकडी जमीन सगळ्यांच्या पायांबरोबर वरखाली होत होती. माझ्या खुर्चीत मला ती कळत होती. मी आपलं पदर गच्च धरून बसले.

स्टेफन तेव्हा होता. उंच, लाल नाकाचा. तो माझ्यासमोर आला, वाकला, माझा हात उचलला आणि त्याचं चुंबन घेतलं! पासष्ट वर्षांची विधवा मी. आमच्या यांनी सप्तपदीला हात धरला तो चारचौघांत शेवटचा. मी भावोजींकडे बघितलं तर ते पोट धरून हसताहेत. “वहिनी, त्यांच्याकडे वडीलधाऱ्या बाईला नमस्कार असाच करतात. तुम्ही आशीर्वाद द्या.” मग मी स्टेफनला म्हटलं, “औक्षवंत व्हा.” 

नंतर भावोजी नाचले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते. घरच्या लग्नात वरातीसमोर कधी हात वर न केलेला माणूस, बोझेनाबाईंना धरून भिंगरीसारखा फिरत होता. त्यांना हा नाच स्टेफनने पहिल्या हिवाळ्यात कारखान्याच्या बॉयलरखोलीत शिकवला होता, गरम राहायला. पाय कसे पडत होते! चपळ, नेमके, नकाशावर रेघ मारावी तसे. भोवतीच्या म्हाताऱ्या टाळ्या वाजवत होत्या. मला एकदम वाटलं, या माणसाला आम्ही घरात कधी ओळखलंच नाही.

टेबलावर छोट्या पेल्यांत दारू होती. सगळे उभे राहून एका घोटात घेत. भावोजीही घेत. मी डोळे मोठे केले तर त्यांनी पेला माझ्या नाकाखाली धरला. बिटाचं सार होतं! “तीस वर्षं हेच पितोय वहिनी. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं, हो म्हटलं तर वीणाला.”

त्या रात्री तिथे आणखी एक प्रकार होता. मेणबत्ती वितळवून मेण किल्लीच्या भोकातून गार पाण्यात ओतायचं, जो आकार होईल त्याची सावली भिंतीवर पाडायची आणि त्यावरून भविष्य सांगायचं. वर्षातून एकदाच करतात, कारण त्यानंतर नाताळापर्यंत नाच बंद. माझ्या मेणाची सावली पडली तर पोरी ओरडल्या, “जहाज! प्रवास!” मी म्हटलं, “कसलं जहाज, पोळी आहे. तीही करपलेली.” भावोजींनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं आणि अख्खं टेबल हसलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तर मला आपलीच संकष्टी आठवली. दिवसभर मांस नाही, आणि आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय जेवण नाही. तारा बघायचं काम भावोजींकडे. एक्याऐंशी सालापासून दरवर्षी त्यांनाच मागच्या गॅलरीत उभं करत. शिकागोचं आकाश म्हणजे गोधडी, तारा कुठला दिसतोय? पण ते अर्धा तास थंडीत उभे राहायचे आणि मग आत येऊन सांगायचे, दिसला. कोणी कधी विचारलं नाही कुठे दिसला ते.

त्याच जानेवारीत स्टेफन गेला. बर्फ उपसता उपसता बसला तो उठलाच नाही.  मार्चमध्ये बोझेनाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आणि मग आला ईस्टर.

त्यांच्या मुलाचं नाव मारेक. टेक्सासला असतो. बापलेकांत काहीतरी बिनसलं होतं, सहा वर्षं बोलणं नव्हतं. काय ते मी विचारलं नाही. बापाच्या मातीला आला तो परक्यासारखा मागे उभा राहिला आणि त्याच संध्याकाळी विमानाने परत गेला. आईशीही धड बोलला नाही. पण ईस्टरला येतो म्हणून त्याने फोन केला. बोझेनाबाईंनी मला आणि वीणाला खाली बोलावून सांगितलं. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, मोडकं, त्यामुळे मला नीट कळे.

“ईस्टर सकाळी अंडं,” त्या म्हणाल्या. “फादर पाणी शिंपडतो ते अंडं. मी कापते. एक तुकडा मारेकला, एक मला. तो देतो, मी देते. मग जुनं सगळं माफ. बोलावं लागत नाही.” आणि त्यांनी हाताने ओठ मिटल्याची खूण केली. “मारेकला बोलता येत नाही. बापासारखा.”

म्हणून ती टोपली. ईस्टरच्या आदल्या शनिवारी अंडी, पाव, सॉसेज, मीठ, किसलेला एक तिखट कंद आणि लोण्याचं केलेलं कोकरू असं सगळं टोपलीत भरून चर्चला न्यायचं, त्यावर पाणी शिंपडून आणायचं आणि सकाळी त्यानेच उपास सोडायचा. टोपली इतकी वर्षं स्टेफन नेत असे. भावोजींनी ती कधी नेली नव्हती, आणि ईस्टरचं जेवण मांसाचं म्हणून त्या सकाळी ते खाली कधी गेलेही नव्हते. नाताळचं सगळं माहीत, ईस्टरचं काही नाही. घोटाळा तिथे झाला.

आणि घोटाळा, खरं सांगायचं तर, माझा.

शनिवारी दुपारी मी भावोजींबरोबर गेले. वीणा म्हणाली, “जा, त्यांच्यावर लक्ष ठेवा, मी येणार नाही.” चर्चमध्ये पाय ठेवला आणि माझी मानच वर गेली, खाली येईना. केवढं उंच! सोन्याचे खांब, निळ्या काचा. आणि खाली मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना टोपल्या, नुसत्या टोपल्या. पाचशे तरी असतील. प्रत्येकीवर पांढराशुभ्र विणलेला रुमाल, त्याला हिरव्या डहाळ्या खोचलेल्या. लहान मुलींच्या हातात वीतभर टोपल्या, म्हाताऱ्यांच्या हातात परडीएवढ्या. मेण, नवा पाव आणि धूर यांचा मिळून एक वास. मग फादर आले. हातात चुना लावायच्या कुंचल्यासारखा ब्रश. तो बादलीत बुडवून त्यांनी जे पाणी उडवायला सुरुवात केली! आपले गुरुजी दर्भाने चार थेंब शिंपडतात. इथे माझा पदर भिजला, भावोजींचा चष्मा भिजला, मुलं खिदळायला लागली. आणि त्या पाचशे टोपल्यांवर पाणी चमकत होतं. मी हात जोडले. देव कोणता का असेना, एवढं अन्न एका वेळी कोणी देवापुढे ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

बाहेर आलो. पायऱ्यांवर गर्दी. भावोजी टोपली घेऊन गाडीकडे निघाले तेव्हा मी म्हटलं, “भावोजी, असंच घरी नेणार?”

“म्हणजे?”

“प्रसाद आहे ना? देवळाच्या दारात वाटल्याशिवाय नेतात का कुठे? समोर माणसं उभी आहेत आणि आपण रुमाल झाकून निघालो. बरं दिसतं का ते?”

भावोजी थांबले. डोकं खाजवलं. “बाकी कोणी वाटत नाहीये वहिनी.”

“त्यांचं ते बघतील. मी मात्र आयुष्यात प्रसाद झाकून घरी नेलेला नाही.”

मोठ्या वहिनीचा शब्द! त्यांनी रुमाल काढला.

पहिलं अंडं एका पोराला दिलं. त्याच्या आईने काहीतरी म्हटलं, आम्हाला वाटलं आभार मानतेय. मग पाव मोडून तुकडे केले. सॉसेज भावोजींनी रुमालात धरून, मान दुसरीकडे वळवून, बसथांब्यावरच्या चार मजुरांना दिलं. ते खूश. एका आजोबांनी तुकडा घेऊन कपाळाला, छातीला हात लावला. “बघा!” मी म्हटलं. लोण्याचं कोकरू कोण घेणार असं वाटलं होतं, पण एक छोटी मुलगी ते दोन्ही हातांत धरून पळाली. उरलं मीठ आणि तो तिखट कंद. मीठ कोणी प्रसाद म्हणून घेत नाही.

घरी आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बोझेनाबाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. टोपली हातात घेतली आणि तिचं वजन कळल्यावर थांबल्या. रुमाल उचलला.

“कुठे आहे?”

“सगळ्यांना दिलं!” भावोजी छाती काढून म्हणाले. “चाळीस माणसं तरी झाली. कोणी उपाशी गेलं नाही.”

त्या बाजूच्या खुर्चीत बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “काही नाही, उल्हास, काही नाही,” आणि रिकाम्या टोपलीत हात घालून मिठाची पुडी इकडची तिकडे केली. मग हळूच म्हणाल्या, “ते अंडं उद्या सकाळी. मारेकबरोबर. आज रात्री आठ वाजता त्याचं विमान येतं.”

भावोजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. स्टेफनच्या मातीलाही नाही. मला तर जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी म्हटलं, “चूक माझी,” पण मराठीत म्हटलं, त्याचा काय उपयोग.

वर आलो. वीणा पोळ्या लाटत होती. भावोजींनी सगळं सांगितलं, मला वाचवून, स्वतःवर घेऊन. मी मनात म्हटलं, आता ऐका. आता जाळीची गरजच नाही, वीणाचा आवाज तीन मजले जाईल.

वीणाने गॅस बंद केला. “वाटलंत? सॉसेजसकट?”

“हो.”

“तीस वर्षं पोलिश लोकांत राहून तुम्हाला एवढं कळलं नाही? आणि वहिनी, तुम्ही कशाला गेला होतात, लक्ष ठेवायला ना?” मग हात धुतले, पर्स घेतली. “शेवटचं पाणी किती वाजता शिंपडतात?”

“काय?”

“चर्चमध्ये हो! एकदाच थोडंच असेल, एवढी गर्दी असते तर.”

भावोजींनी फोन लावला. शेवटचं पाच वाजता.

“मग उभे काय राहिलात? वहिनी, अंडी उकडायला ठेवा.”

मी! मी अंडं कधी हातात धरलं नव्हतं. निधी मध्यंतरी येऊन गेली तेव्हा केक करायला आणलेलं अंड्यांचं एक खोकं फ्रिजमध्ये निघालं. पाण्यात हळद घातली, पिवळीधमक झाली, आपल्याकडच्या हळदीच्या नवऱ्यासारखी. त्यांचा रंग कांद्याच्या सालीचा असतो हे मला मागाहून कळलं.

वीणा भावोजींना घेऊन पोलिश दुकानात गेली. दाराशीच नंबराचा कागद घ्यायचा असतो. हिला मिळाला त्र्याऐंशी आणि आत पुकारत होते एकेचाळीस. भोवती छताला टांगलेलं मांस, आणि ही चतुर्थी पाळणारी बाई नाकाला पदर न लावता उभी. भावोजींनीच मला नंतर सांगितलं. कुठल्याशा आजींनी हिचा चेहरा बघून विचारलं, काय झालं. वीणाने सांगितलं. आजी मोठ्याने हसल्या, अख्ख्या रांगेला ऐकवलं आणि त्या बेचाळीस माणसांनी हिला पुढे जाऊ दिलं. पाव मिळाला, पांढरं सॉसेज मिळालं. लोण्याचं कोकरू मात्र सगळं संपलेलं.

सव्वाचारला घरी आली ती लोण्याची वडी घेऊन. “वहिनी, कोकरू कसं दिसतं?”

“शेळीच्या पिल्लासारखं.”

“शेळी मी सांगलीला मामाकडे बघितलेली, पाचवीत असताना. मला बैल येतात. पोळ्याला मातीचे करायचो ते.”

“मग बैल कर. लहान कर.”

तिने केला. पाय आखूड केले, लवंगांचे डोळे लावले, गळ्यात लाल दोरा बांधला. सगळं कोकराचं, पण हाताच्या सवयीने मानेमागे वशिंड आलं ते काही केल्या बसेना. दाबावं तर पोट पुढे यायचं. “राहू दे,” भावोजी म्हणाले, “पाच वाजतील.”

गाडीत टोपली वीणाच्या मांडीवर होती. सॉसेजसकट. 

फादर शेवटची फेरी मारत होते. भावोजींना बघून थबकले. “तुम्ही दुपारी आला होतात ना? पायऱ्यांवर वाटत होतात?” म्हणजे त्यांनी बघितलं होतं! भावोजी मान खाली घालून हो म्हणाले. फादरनी टोपलीत वाकून वशिंडवालं कोकरू बघितलं, भावोजींकडे बघितलं आणि ब्रश बुडवून असं पाणी मारलं की वीणाचं कुंकू ओघळलं. परत येताना भावोजींनी टोपलीवर दोन्ही हात धरले होते. गाडी वीणाने चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोझेनाबाईंनी आम्हा तिघांना खाली बोलावलं. मारेक आला होता. बापासारखाच उंच. आईच्या समोरच्या खुर्चीत, पण खुर्ची मागे सारून बसलेला. मध्ये टोपली. त्याने टोपलीकडे बघितलं, वाकला, पुन्हा बघितलं. बोट दाखवून आईला काहीतरी विचारलं.

बोझेनाबाईंनी सांगायला सुरुवात केली. पोलिशमध्ये, पण मला सगळं कळत होतं. रुमाल काढला, पाव मोडला, बसथांब्यावरचे मजूर, मान वळवून सॉसेज. भावोजी मान वळवतात तशी त्यांनी वळवली. हाताने वशिंड काढून दाखवलं. मारेकचे खांदे हलायला लागले. मग तो एवढा हसला की त्याने डोळे पुसले, आणि पुसतच राहिला. खुर्ची कधी पुढे आली ते मी बघितलं नाही.

बोझेनाबाईंनी हळदीचं अंडं कापलं. वरून पिवळं, आतून पिवळं. एक तुकडा त्यांनी मुलाला दिला, त्याने ताटलीतला एक आईला. तोंडाने कोणी काही बोललं नाही. मग ताटली आमच्याकडे आली. वीणाने घेतलं. भावोजींनी घेतलं. माझ्यापुढे आली. पासष्ट वर्षं. पण कालच मी शिकवलं होतं ना लोकांना, प्रसादाला नाही म्हणू नये. घेतला. चव मिठाची लागली.

त्यानंतर वीणाने शॉमबर्गचं नाव काढलं नाही असं नाही. काढायची, भांडणात हुकमाचं पान म्हणून. पण घर घेतलं नाही, आणि मीही माळ्यावरच राहिले. मारेक दर ईस्टरला येऊ लागला, पुढे बायको आली, मग मुलगी झाली. तिला वशिंड नसलेलं कोकरू दाखवलं तर ती म्हणे, हे खोटं आहे. टोपली दरवर्षी भावोजींनी नेली, चौदा वर्षं. रुमाल पुन्हा म्हणून वाटेत उघडला नाही. शनिवारी नाचायलाही जात, पुढे पुढे एक गिरकी घेऊन बसत. गेल्या वर्षी डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, वजन उचलू नका म्हणाले. यंदा टोपली मारेकच्या मुलीने एका बाजूने धरली आणि भावोजींनी दुसऱ्या.

एप्रिलअखेर ते गेले, झोपेत. ईस्टरला नऊ दिवस झाले होते. बोझेनाबाई आता त्र्याऐंशीच्या. मातीच्या वेळी त्यांनी काठी वीणाच्या हातात दिली आणि वीणालाच धरून उभ्या राहिल्या.

त्याआधी, ईस्टरनंतरच्या मंगळवारी, मी माळ्यावरच्या खिडकीत बसले होते, म्हणून भावोजींचं शेवटचं काम मला दिसलं. पाणी शिंपडलेल्या अंड्यांची टरफलं ते लोक कचऱ्यात टाकत नाहीत, आपण निर्माल्य टाकत नाही तशी. बोझेनाबाईंनी ती कागदी रुमालात गोळा करून मागच्या दारातून भावोजींना दिली, दरवर्षी देतात तशी. उंबऱ्यावर देणंघेणं अशुभ, म्हणून बाई एक पाऊल बाहेर आल्या. भावोजी कुंपणापाशी गेले, गुडघ्यावर बसले, खुरप्याने गुलाबाच्या बुंध्याशी खड्डा काढला, टरफलं त्यात ओतली, रुमाल झटकला. माती लोटून वरून हाताने थोपटली. उठायला त्यांना जरा वेळ लागला. मग नळावर खुरपं धुतलं, कुंपणाच्या खिळ्याला अडकवलं आणि दारातल्या बोझेनाबाईंना हात वर करून खूण केली, झालं म्हणून.